जरोदपर्यंतचा भाव

पहिल्या दिवशी मी आकडा सांगितलाच नाही.
रावपुऱ्यातलं दुकान, नव्या रबराचा वास,
मुलांच्या सायकली फुटपाथवर,
महागड्या छताला टांगलेल्या.
जयंतीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला:
"बेन, पैसा पछी. जवानुं क्यां?"

कुठे जायचंय.
दांडिया बाजार ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते दांडिया बाजार,
एकोणीस वर्षं स्कूटरवर.
लॅबमध्ये नळ्यांना चिठ्ठ्या डकवते मी,
लोकांची साखर, लोकांचं कोलेस्टेरॉल.
मागच्या महिन्यात एका चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं.
म्हटलं, "जरोद."
तेवढंच तोंडात आलं. हालोल रोडला पाटी आहे.

घरी ज्याचा त्याचा आकडा.
दीर म्हणाले, साठच्या खाली बघूच नका वहिनी,
लोखंड ओढत बसाल.
मकरंद म्हणाला, बारा हजारात अख्खी सायकल येते की.
सासूबाई म्हणाल्या, तेवढ्यात कानातलं होईल,
अडीअडचणीला मोडता तरी येतं.
मुलीने विचारलं, आई, तू खरंच ती चड्डी घालणार?

रात्री वही काढली.
अॅल्युमिनियमचा सांगाडा, पुढचा चिमटा कार्बनचा,
सोळा गियर: बेचाळीस हजार.
मग त्याखालचं, जे कुणी आधी सांगत नाही:
हेल्मेट, पंप, दोन जादा ट्यूब, कुलूप,
पुढे पांढरा दिवा, मागे लाल,
आणि ती गादीवाली चड्डी,
जी मी 'किरकोळ' या सदरात टाकली.
बेरीज केली.
वही मिटून पंख्याकडे बघत पडले.

कुणीतरी म्हणालं, जुनी बघ.
अकोट्यात, तिसऱ्या मजल्यावर, परीख म्हणून एक.
पंच्याऐंशी हजारांची, अठ्ठाविसाला देत होते.
हँडलवर टॉवेल वाळत होता.
टायरवरचे रबराचे बारीक केस
अजून झिजले नव्हते.
"किती चालवली?"
"चाळीसेक किलोमीटर. मग गुडघा."
त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं,
जणू तो शेजारी उभा असलेला दुसरा कुणी होता.
मी दांड्यावरून पाय टाकला, टाचा अधांतरी.
जयंतीभाई फोनवर म्हणाले,
मापाची नसेल तर फुकटसुद्धा महाग, बेन.

जिना उतरताना भागाकार सुरू झाला.
पंच्याऐंशी हजार भागिले चाळीस.
एका किलोमीटरला दोन हजार एकशे पंचवीस.
एवढ्यात माणूस विमानाने कुठेही जाईल.

शेवटी गेल्या वर्षीचा रंग घेतला, पोपटी,
कुणाला नको होता म्हणून साडेपाच हजारांनी उतरलेला.
किरकोळ धरून सगळे मिळून
एक्केचाळीस हजार आठशे.
पहिल्या पहाटे अकरा किलोमीटर:
तळवे बधिर, एक कुत्रं गोल्डन चोकडीपर्यंत मागे,
गियर चुकीच्या बाजूला पडत राहिला.
दर, तीन हजार आठशे.
परीखांपेक्षा महाग.

मग नवरात्र. रात्री गरबा, पहाटे सायकल,
मधे झोप कुठे होती आठवत नाही.
मग थंडी, नाक गळतंय, पुसायला हात नाही.
उत्तरायणात गळ्याला जाड ओढणी,
मांज्याच्या भीतीने चाल बैलगाडीची.
त्या आठवड्यात वही काढली.
अकराशे किलोमीटर.
अडतीस रुपये.
रिक्षावाला याहून जास्त मागेल.

मकरंदला सांगितलं नाही.
काही हिशेब एकटीचेच बरे.

आज जरोदच्या टपरीवर
बिनसाखरेचा चहा, मुंगफळीची पुडी,
धुक्यापल्याड पावागड, आहेसा आणि नाहीसा.
दूधवाला कॅन ठेवून जवळ आला,
पोपटी नळीवरून एक बोट फिरवलं.
"केटलामां पडी?"

"हजी ऊतरे छे," मी म्हटलं.

त्याने रस्त्याकडे पाहिलं, इकडे, मग तिकडे.
"अहीं तो बधुं सपाट छे, बेन,"
तो म्हणाला, आणि कॅन उचलून गेला.